मीठ लावा, पाणी ओता : काकडीची पूर्वेकडची कोशिंबीर

चैत्र-वैशाखात भूक मंदावते ही प्रत्येक घरातली तक्रार असते. पोळीचा एक घास आणि पाण्याचे दोन घोट अशा पद्धतीने जेवण चालते. मुले भाजीकडे पाहत नाहीत आणि वडीलधारी मंडळी "मला आज नुसता ताकभात" म्हणून मोकळी होतात. याच दिवसांत आठवडी बाजारात काकडीचे ढीग लागलेले असतात. काकडीत शेकडा ९५ भाग पाणी असते आणि १०० ग्रॅम काकडीतून जेमतेम १५ उष्मांक मिळतात. म्हणजे पोटाला जड नाही, वजनाची भीती नाही आणि खिशालाही परवडणारी. तरीही आपल्याकडे काकडीचे प्रकार ठरलेले असतात. तिखट-मीठ लावलेल्या फोडी, दह्यातली कोशिंबीर, उपवासाला खमंग काकडी आणि कोकणात तवशाची तवसोळी. पाचवा प्रकार विचारला तर पुष्कळ घरांत गृहिणी थोड्या थांबतील.

या आठवड्यात आपण चीन, जपान, कोरिया आणि थायलंड या देशांत घरोघर होणाऱ्या काकडीच्या कोशिंबिरीची माहिती घेऊ. ‘चायनीज’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाडीवरचे लालभडक मंचुरियन आणि धगधगती कढई येते. चीनमधल्या सर्वसाधारण घरात उन्हाळ्याच्या जेवणात मात्र ठेचलेल्या काकडीची एक थंडगार बशी हमखास असते. तिला तिकडे ‘पाय ह्वांग-ग्वा’ म्हणजे ‘थापटलेली काकडी’ म्हणतात. चूल पेटवावी लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत पदार्थ तयार होतो आणि त्यासाठी लागणारे बहुतेक सामान आपल्या फडताळात असतेच.

आरोग्याच्या सदरात हा पदार्थ घेण्याचे कारण केवळ चव नाही. कारण आहे मीठ.

रक्तदाबाच्या रुग्णाला "मीठ कमी करा" असे सांगितले की तो भाजीत मीठ कमी घालायला सांगतो. पण काकडी, टोमॅटो, कैरी यांवर भुरभुरलेले मीठ त्याच्या हिशेबात येत नाही. ‘सॅलड तर खातोय’ अशी त्याची समजूत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरेल त्याहून थोडे कमीच मीठ खावे. यात भाजी, आमटी, लोणचे, पापड, फरसाण, पाव हे सगळे आले. आपल्या देशातील प्रौढ माणसे सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास मीठ खातात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीवर आधारित, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. वरचे तीन ग्रॅम आले कुठून याचा शोध घेतला तर त्यातले काही ताटाच्या डाव्या बाजूलाच सापडतील.

पूर्वेकडच्या या कोशिंबिरीत मीठ वेगळ्या रीतीने वापरतात. तेथे मीठ हे आधी हत्यार आहे आणि चव नंतर. काकडीला मीठ चोळायचे, ठरावीक वेळ ठेवायचे आणि सुटलेल्या पाण्याबरोबर त्यातले बरेचसे मीठ ओतून द्यायचे. नंतर चव आणायची ती आंबटाने, लसणीने आणि भाजलेल्या तिळाने. हे नीट जमले तर रक्तदाब असलेल्या माणसालाही ही बशी हरकत नाही. मात्र मिठाचे पाणी तसेच ठेवून वर सोया सॉस ओतला, तर हाच पदार्थ खारट लोणच्याच्या पंगतीला जाऊन बसतो.

पाणी का सुटते?

मीठ लावल्यावर काकडीला पाणी सुटते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. काकडीच्या प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. त्यातून पाणी ये-जा करू शकते, मीठ मात्र सहज जाऊ शकत नाही. बाहेर मीठ वाढले की आतले पाणी त्या दिशेने ओढले जाते. शास्त्रात याला परासरण म्हणतात, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘ऑस्मॉसिस’ या नावाने हे सर्वांनी वाचलेले असते. पाणी निघून गेल्यामुळे दोन गोष्टी होतात. एक म्हणजे काकडी किंचित लवचीक होते आणि तरी चावताना कुरकुरीत लागते. दुसरी म्हणजे नंतर घातलेला आंबट रस पातळ होत नाही. आपल्या दह्याच्या कोशिंबिरीची तासाभरात जी पाणचट अवस्था होते, तिचे कारण हेच की पाणी आधी काढलेले नसते.

या पाण्याबरोबर काकडीतले सत्त्व निघून जाते का, असा प्रश्न कुणी विचारेल. थोडे ‘क’ जीवनसत्त्व आणि थोडे पोटॅशियम जाते हे खरे आहे. पण काकडी मुळात या गोष्टींचा मोठा साठा नव्हेच. ‘क’ जीवनसत्त्वासाठी पेरू किंवा आवळा खावा. काकडीकडून पाणी, थोडा चोथा आणि तोंडाला येणारी तरतरी एवढीच अपेक्षा ठेवावी. तिच्या अंगी ‘विष बाहेर टाकण्याचे’ सामर्थ्य असल्याच्या ज्या जाहिराती असतात त्यांकडे दुर्लक्ष केलेले बरे. ते काम आपले यकृत आणि मूत्रपिंडे बिनबोभाट करीत असतात.

चोचवणे आणि थापटणे

आपल्या खमंग काकडीला विळीवर गोल चकत्या चालत नाहीत. काकडी हातात उभी धरून सुरीचे घाव घालीत ती चोचवावी लागते. काही घरांत याला ‘कोचवणे’ म्हणतात. जुन्या बायका किसणीला हात लावू देत नसत. किसलेल्या काकडीचा लगदा होतो आणि दाण्याचे कूट त्यात चिखलासारखे बसते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. चोचवलेली काकडी ओबडधोबड असते, तिच्या खाचांत कूट, खोबरे आणि फोडणी धरून राहते.

चिनी गृहिणी नेमके हेच साधते, फक्त तिची रीत निराळी आहे. ती मोठ्या सुरीच्या पात्याची सपाट बाजू काकडीवर ठेवून तळव्याने दणका देते. काकडी लांबीवर तडकते, मग तिचे तुकडे करतात. तडकलेल्या, खडबडीत बाजूवर सॉस, लसूण आणि तेल चिकटते. सुरीने कापलेल्या गुळगुळीत चकतीवरून ते घसरून बशीच्या तळाशी जाते. म्हणून चकत्यांना जास्त मसाला आणि जास्त मीठ लागते. ठेचलेल्या काकडीला कमी पुरते. स्वयंपाकातल्या या बारकाव्याचा रक्तदाबाशी असा सरळ संबंध आहे.

आणखी एक गंमत. ही काकडी मूळची आपल्याच देशातली. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी, कडू जात आजही सापडते. येथून ती पश्चिमेला गेली तशी चीनलाही गेली. चिनी लोक पूर्वी तिला ‘हू-ग्वा’ म्हणत, म्हणजे परक्यांच्या मुलखातून आलेले वेलफळ. आता शेडनेटमधली लांब, गर्द हिरवी काकडी आपल्या बाजारात ‘चायना काकडी’ म्हणून विकली जाते. परदेशी जाऊन आलेल्या मुलीला माहेरच्यांनी ओळखू नये तसा हा प्रकार झाला.

करायची रीत

चार माणसांसाठी मध्यम आकाराच्या दोन काकड्या, साधारण ४०० ग्रॅम, घ्याव्यात. कोवळ्या आणि घट्ट हव्यात. निबर, पिवळसर काकडीत बिया मोठ्या असतात. ती घ्यावीच लागली तर मधून चिरून बियांचा भाग चमच्याने काढून टाकावा. साल कोवळी असेल तर ठेवावी. गावरान काकडीची साल जाड असते, ती एक पट्टी सोडून एक अशी सोलली तर दिसायलाही बरी दिसते.

काकडी पोळपाटावर ठेवावी आणि लाटण्याने किंवा वरवंट्याने बेताचा घाव घालावा. चटणी वाटायची नाही, नुसती तडकवायची आहे. पहिल्या वेळी बिया उडतात, तेव्हा काकडीवर स्वच्छ फडके टाकले तर भिंती पुसाव्या लागत नाहीत. तडकल्यावर बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करावेत. त्यांना चहाचा अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा साखर चोळून चाळणीत घालावे आणि चाळणी पातेल्यावर ठेवावी. साखरही मिठाप्रमाणेच पाणी ओढते, त्यामुळे मीठ कमी लागते. पंधरा मिनिटांत पातेल्यात पाणी जमेल. ते ओतून द्यावे आणि तुकडे हाताने अलगद दाबून निथळावेत. घरात रक्तदाबाचे, हृदयविकाराचे किंवा पायावर सूज येणारे कुणी असेल, तर या वेळी तुकडे पिण्याच्या पाण्यात एकदा झटपट बुडवून पुन्हा निथळून घ्यावेत. वरचे मीठ निघून जाते, कुरकुरीतपणा राहतो.

आता एका काचेच्या वाडग्यात ठेचलेल्या लसणीची एक मोठी पाकळी, दोन चमचे व्हिनेगर, एक चमचा सोया सॉस आणि पाव चमचा साखर एकत्र करावी. चमचा म्हणजे सर्वत्र चहाचा चमचा समजावा. त्यात काकडी घालून वरून दोन चमचे भाजून कुटलेले तीळ आणि हवी असल्यास हिरवी मिरची किंवा चिमूटभर लाल तिखट घालावे. पाच मिनिटे ठेवून वाढावी. आधी फ्रीजमध्ये किंवा माठाच्या पाण्यात काकडी गार केलेली असेल तर चव दुप्पट लागते.

तिळाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. चीन, जपान आणि कोरियात वापरतात ते तिळाचे तेल भाजलेल्या तिळांचे असते. त्याचा रंग गडद आणि वास खमंग असतो. आपल्याकडचे घाण्याचे तीळतेल कच्च्या तिळांचे, सौम्य असते. त्याने तो वास येत नाही. त्यासाठी महागडी बाटली शोधत बसण्याची गरज नाही. पॉलिश न केलेले तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून खलबत्त्यात भरडले की तोच दरवळ सुटतो. संक्रांतीनंतर डब्यात उरलेले तीळ खवट झालेले नाहीत ना, एवढे मात्र चाखून पाहावे. तेल घालायचेच असेल तर खाण्याचे, एक चमचा. दुकानात दिव्यासाठी आणि पूजेसाठी म्हणून मिळणारे तिळाचे तेल स्वस्त असते, पण ते खाण्यासाठी नसते. बाटलीवर तसे बारीक अक्षरांत छापलेले असते आणि ते वाचले जात नाही.

व्हिनेगर म्हणून किराणा दुकानात बहुधा पांढरी ‘सिंथेटिक’ बाटली मिळते. ते अ‍ॅसेटिक आम्ल पाण्यात पातळ करून बनवलेले असते आणि चवीला जरा टोकदार लागते. चिनी लोक धान्यापासून आंबवलेले काळे व्हिनेगर घालतात, जपानी तांदळाचे. ते मिळाले तर उत्तम, न मिळाले तर लिंबू. दोन काकड्यांना एका मध्यम लिंबाचा रस पुरतो, आणि जिभेला आंबट मिळाले की कमी मिठाची उणीव तितकीशी जाणवत नाही. मीठ कमी करू पाहणाऱ्यांनी लिंबाशी मैत्री करावी. कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात मात्र असे आंबट पदार्थ कालवू नयेत. काच, चिनी माती किंवा स्टील वापरावे.

काळी बाटली

सोया सॉस हा या कोशिंबिरीतला खरा सावध राहण्याचा भाग. १५ मि.लि. म्हणजे एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मि.ग्रॅ. सोडियम असते. मिठाच्या भाषेत सांगायचे तर सव्वादोन ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ अर्धा भाग. रंग यावा म्हणून बाटली दोनदा हलवली की तेवढा सहज पडतो. वरच्या कृतीत चहाचा एकच चमचा आहे. त्यातले ३०० मि.ग्रॅ. सोडियम चार माणसांत वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला ७५ मि.ग्रॅ. येते. एवढे चालेल. बाटलीतून थेट ओतू नये, चमच्याने मोजावे. थायलंडकडचा माशाचा सॉस तर सोया सॉसहून खारट असतो. आणि सोया सॉस घरात नसला म्हणून काही अडत नाही. लसूण, लिंबू आणि तीळ एवढ्यावरही ही कोशिंबीर उभी राहते.

‘अजिनोमोटो’ घालावे का, हे विचारणारे वाचक आहेत. या पदार्थात त्याची आवश्यकता नाही. त्याचा जेवढा बाऊ केला जातो तेवढ्याचे कारण नाही, पण त्यातही सोडियम असते हे लक्षात ठेवावे. मिठाच्या साधारण एक तृतीयांश.

पूर्वेकडचे जेवण म्हणजे आपोआप आरोग्याचे, असा समज अलीकडे पसरला आहे. जपानी माणूस दीर्घायुषी म्हणून प्रसिद्ध आहे, पण सोया सॉस, मिसो आणि खारवलेल्या भाज्या यांमुळे जपानमध्ये मिठाचा वापर आपल्याहूनही जास्त आहे. २०१९ मधील तेथील सरकारी पाहणीत तो दिवसाला सुमारे १० ग्रॅम होता. पक्षाघाताचे प्रमाण खाली आणण्यासाठी त्या देशाने कित्येक दशके मीठ कमी करण्याची मोहीम चालवली आहे. तेव्हा त्यांच्याकडून काकडी घ्यावी, बाटली जपून घ्यावी.

कडू काकडी

आता एक अशी गोष्ट, जी या कोशिंबिरीत विशेष महत्त्वाची आहे. काकडी, दुधी, दोडका, पडवळ या कुळातल्या वेलींमध्ये ‘कुकुर्बिटासिन’ नावाची अत्यंत कडू द्रव्ये असतात. कीटकांनी आणि जनावरांनी खाऊ नये म्हणून वेलीने केलेली ती सोय आहे. लागवडीच्या जातींत ती फळात जवळजवळ नसतात. पण कडक ऊन आणि पाण्याचा ताण पडला की वाढू शकतात. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी कडू काकडी जास्त लागते. कडवटपणा बहुतेक वेळा देठाकडच्या भागात आणि सालीलगत असतो.

देठाचा तुकडा कापून, तो फेस येईपर्यंत घासून ‘कडूपणा काढण्याची’ पद्धत घरोघर आहे. फेस येतो हे खरे. पण घासल्याने आतल्या गरातला कडूपणा बाहेर येतो असे मानायला आधार नाही. देठाकडचा इंचभर भाग कापून टाकल्याचाच काय तो उपयोग. घासण्यात वेळ घालवण्याऐवजी कापल्यावर दोन्ही टोकांकडचा छोटा तुकडा चाखावा. कडू लागला तर आणखी आत चाखावा. तोही कडू असेल तर काकडी फेकून द्यावी.

हे मीठ लावण्याआधी करावे. लसूण, व्हिनेगर, साखर आणि तिखट यांच्याखाली कडवटपणा लपतो, आणि घरातले लहान मूल किंवा भिडस्त पाहुणा निमूटपणे खात राहतो. कडू दुधीचा रस ‘औषधी’ म्हणून नाक दाबून पिणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या, जुलाब आणि रक्तदाब एकदम खाली जाणे असे गंभीर त्रास झाल्याची, काहींचा मृत्यू ओढवल्याचीही उदाहरणे आपल्या देशात घडली आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस अजिबात घेऊ नये, असे सांगितले. समितीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काकडीच्या बाबतीत इतके टोकाचे प्रसंग सहसा येत नाहीत, कारण कडू काकडी कुणी पेलाभर पीत नाही. पण ‘कडू ते गुणकारी’ हा नियम कारल्यापुरता ठेवावा. काकडी-दुधीला तो लावू नये.

धुणे

कच्चा पदार्थ असल्यामुळे आच त्याला वाचवायला येत नाही. व्हिनेगरात जंतू मरतात अशी समजूत असते, पण कोशिंबिरीत घातलेल्या दोन चमच्यांच्या भरवशावर राहू नये. २०१५ मध्ये अमेरिकेत काकडीतून पसरलेल्या साल्मोनेला जंतूंमुळे नऊशेहून अधिक माणसे आजारी पडली होती. तेथली शीतगृहे आणि तपासण्या असताना हे घडले. उलट, २०११ मध्ये जर्मनीत अशीच मोठी साथ आली तेव्हा पहिला आळ स्पेनच्या काकडीवर घेतला गेला. नंतर दोषी निघाले मोड आलेल्या मेथीचे दाणे, पण तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांची काकडी मातीमोल झाली होती.

आपल्याकडे काकडीला शेतातली माती, हातगाडीवरचे ओले पोते आणि रस्त्याची धूळ लागलेली असते. सोलायची असली तरी आधी धुवावी, कारण सुरी सालीवरची घाण गरात नेते. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणे सर्वांत चांगले. साबण किंवा भांड्यांची पावडर वापरू नये. नळाला पाणी एक दिवसाआड येते अशा गावांत साठवलेल्या पाण्याने धुवावे लागते. तेव्हा शेवटचे विसळणे तरी उकळून गार केलेल्या किंवा गाळण यंत्राच्या पाण्याने करावे. ज्या विळीवर मटण-मासळी कापली ती तशीच काकडीला वापरू नये, आणि पिळणाऱ्या हातांचे तर सांगायलाच नको. बसस्थानकावर सोलून, पाणी शिंपडून ठेवलेल्या फोडींबद्दल आमचे मत वाचक जाणतातच.

शेजारपाजारचे प्रकार

जपानमध्ये ‘सुनोमोनो’ करताना काकडी ठेचत नाहीत. आख्ख्या काकडीवर मीठ भुरभुरून ती पोळपाटावर पुढे-मागे लाटतात. साल नरम पडते आणि रंग खुलतो. मग कागदासारख्या पातळ चकत्या, मीठ, दहा मिनिटे, आणि मग घट्ट पिळणे. त्यावर दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक चमचा साखर, सोया सॉसचे दोन-चार थेंब आणि आल्याचा रस. दातांचा त्रास असलेल्या वृद्धांना हा प्रकार जास्त सोयीचा.

कोरियन ‘ओइ मुचिम’ म्हणजे तिखट कोशिंबीर. तेथली मिरचीपूड जाडसर आणि रंगाच्या मानाने सौम्य असते. आपले लवंगी तिखट तेवढे घातले तर डोळ्यांतून पाणी येईल. ब्याडगी मिरची भाजून भरडली तर जवळपास तीच चव येते. पातीचा कांदा, लसूण, तीळ आणि व्हिनेगर बाकीचे काम करतात.

थायलंडचा ‘आजाद’ साखर, व्हिनेगर आणि पाणी उकळून गार केलेल्या पाकात होतो. त्यात काकडी, छोटा कांदा आणि लाल मिरची. मलेशिया-इंडोनेशियात याचाच भाऊ ‘अचार’ नावाने मिळतो, आणि हिंदीतल्या अचाराशी त्याचे नाते उघडच आहे. चव फार छान, पण साखर पुष्कळ असते. मधुमेहींनी याच्या वाटेला न जाता चिनी किंवा जपानी प्रकार साखर वगळून करावा. थायलंडमध्येच काकडी उखळात कुटून, शेंगदाणे घालून एक प्रकार करतात. तो खाल्लेल्या कुणालाही आपल्या खमंग काकडीची आठवण येईल.

खमंग काकडीतही मीठ लावून पाणी पिळले, दाण्याच्या कुटाबरोबर लिंबू वाढवले आणि तूप-जिऱ्याची फोडणी बेताची दिली, तर मिठाची हीच बचत होते. पुष्कळ घरांत पाणी पिळतात आणि चव गेली म्हणून वरून पुन्हा मीठ घालतात. ते वरचे मीठ वगळावे. आठ दिवसांत जिभेला सवय होते.

कुणी जपावे

आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी व्हिनेगर आणि कच्ची लसूण टाळावी. जेवणासोबत थोडी कोशिंबीर घ्यावी. मूत्रपिंडाचे रुग्ण मीठ टाळायचे म्हणून ‘कमी सोडियमचे मीठ’ आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते आणि अशा रुग्णांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ वापरू नये. तिळाची अ‍ॅलर्जी क्वचित असते पण असली तर तीव्र असते. एकदा तीळ खाऊन अंगावर गांधी उठल्या असतील तर येथे दाण्याचे कूट वापरावे. पाच वर्षांच्या आतील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, कूटच द्यावे. गरोदर स्त्रियांनी घरची, नीट धुतलेली, ताजी कोशिंबीर जरूर खावी.

‘रात्री काकडी खाऊ नये’, ‘काकडीवर पाणी पिऊ नये’ असे पुष्कळ नियम ऐकू येतात. त्यांना वैद्यकशास्त्राचा भक्कम आधार नाही. एखाद्याला काकडीने ढेकर येतात, पोट फुगते. त्याने रात्री टाळावी. ज्याला काही होत नाही त्याने शेजाऱ्याच्या पोटावरून स्वतःचे नियम ठरवू नयेत.

करायची तेवढीच करावी. उन्हाळ्यात कापलेली काकडी तासाभराहून अधिक बाहेर ठेवू नये. फ्रीजमध्ये झाकून ठेवली तर रात्रीच्या जेवणापर्यंत चालते, दुसऱ्या दिवशी मात्र ती मऊ पडते आणि लसणीचा वास बिघडतो. उरलीच तर त्याच दिवशी बारीक चिरून थालीपिठाच्या भाजणीत घालावी. सोया सॉसमुळे थालीपीठ जरा काळसर दिसेल, मुले त्याला नावे ठेवतील आणि खातीलही. त्या भाजणीत वेगळे मीठ घालायचे नाही.